पाणी पाजलेलं खुरपं

माणदेशात पावसाचा भरवसा कधी कुणी धरला नाही. आमच्याच सातारा जिल्ह्यात पश्चिमेला महाबळेश्वरावर पाऊस दिवसदिवस कोसळतो आणि पूर्वेला माण तालुक्यावरून ढग नुसते पुढं निघून जातात. अशा मुलखात बापजाद्यांनी बाजरी आणि शाळू काढला तो वेळेवर नांगरून, वेळेवर कुळवून आणि पडलेला थेंब तणाला पिऊ न देता. या सगळ्या कामाला लोखंड लागे आणि लोखंडाला लोहार लागे. आमच्या गावचा लोहार, त्याची भट्टी आणि त्या भट्टीवर माझ्या हातून निघालेलं पहिलं खुरपं, यांची ही हकिकत. खुरप्याची किंमत आठ-बारा आण्याच्या वर नव्हती, पण गावाचा एक जुना व्यवहार मोडत असताना ते घडलं, म्हणून लिहून ठेवतो.

आधी तो व्यवहार सांगायला पाहिजे. त्रिं. ना. आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ साली छापलं गेलं. बारा बलुतेदार, त्यांच्या ओळी, त्यांचे हक्क आणि कुरबुरी त्यात सविस्तर आहेत. लोहार थोरल्या ओळीतला, म्हणजे ज्यांच्यावाचून शेत चालत नाही त्यांच्यातला. त्याला कामागणिक पैसे द्यायचे नसत. वर्षभर फाळ पाजवायचे, विळे धरायचे, कुऱ्हाडी घडवायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचं धान्य न्यायचं. लोखंड आणि कोळसा बहुतेक वेळा शेतकऱ्याचा, हात लोहाराचा. याची कागदावर नोंद नसे. कुणाचं किती काम झालं हे लोहाराला तोंडपाठ आणि किती धान्य घालायचं हे कुणब्याला तोंडपाठ. या व्यवस्थेत उच्चनीचता होती, जातीची कुंपणं होती, लोहाराला खळ्यावर वाकून उभं राहावं लागे, हेही खरं. तिचे गोडवे गायचे नाहीत. पण ती कशी चालायची हे ठाऊक नसेल तर ती मोडली म्हणजे काय झालं तेही कळत नाही.

लोहाराचं वर्ष नक्षत्रांवर चाले. चैत्र-वैशाखात नांगराचे फाळ आणि कुळवाच्या पासा. मृगाच्या आधी पाभरीचे फण. श्रावण-भाद्रपदात खुरपी. सुगीला विळे. मधेच धनगर मेंढ्यांची लोकर कातरायच्या कातरी घेऊन येत. मोटेचं कडं निसटलं की माणूस पळत भट्टीवर येई. आणि उन्हाळ्यात गाडीच्या चाकांना धावा चढवायचं मोठं काम असे. धाव म्हणजे लाकडी चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा किंचित लहानच वळलेली असते. शेणींच्या गोल आरात ती लालबुंद तापवायची म्हणजे ती फुगते, मग चौघांनी सांडशांनी उचलून चाकावर बसवायची आणि घागरीनं पाणी ओतायचं. चर्र करून वाफ उठते, धाव आकसते आणि आरे-पाट्यांना अशी आवळून धरते की खिळ्याची गरज उरत नाही. आम्ही पोरं हे बघायला शाळा बुडवायचो. लोखंड तापल्यावर वाढतं हे पुस्तकात नंतर वाचलं, डोळ्यांनी आधी बघितलं होतं.

हे लोखंड यायचं कुठून? फार मागं महाबळेश्वरच्या रानात धावड लोक दगडातून लोखंड गाळत. लोखंडी दगड डोंगरातला आणि कोळसाही तिथल्याच झाडांचा. इंग्रज अमदानीत जंगलावर बंधनं आली, कोळसा मिळेना, शिवाय विलायती लोखंड स्वस्त येऊ लागलं आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. पुढं साकचीला टाटांचा कारखाना उभा राहिला आणि १९१२ साली तिथं पोलाद निघालं. गावच्या लोहाराला या कशाचा इतिहास ठाऊक नव्हता. त्याला एवढंच ठाऊक की आज्याच्या वेळचं लोखंड वेगळं होतं आणि आत्ताचं वेगळं.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली औंध संस्थानच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडानं जमीन नासते असं म्हणून शेतकरी आधी त्या नांगराला शिवत नव्हते. एकदा शिवले, मग सोडला नाही. तो नांगर खोल जायचा, हरळी मुळासकट उपटायचा. पण त्याचा फाळ बिडाचा. बीड ऐरणीवर ठोकलं तर तुटतं, त्याला लोहार काय करणार? झिजला की दुकानातून नवा आणायचा. लाकडी नांगराचा फाळ वर्षातून चार वेळा भट्टीवर यायचा, तो यायचा बंद झाला. नंतर रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि धावा गेल्या. विहिरींवर इंजिनं बसली आणि मोटा गेल्या. माझ्या लहानपणी लोहाराच्या बलुत्यातलं अर्धं काम असं आधीच गळून पडलेलं होतं. धान्याचं माप मात्र चालत आलं होतं.

मग १९७२ उजाडलं. त्याच्या आधीची दोन वर्षंही ओढीचीच होती, पण त्या वर्षी पावसानं पार पाठ फिरवली. बाजरी वीतभर वाढून वाळली. शाळू पेरलाच नाही. विहिरी तळाला गेल्या, दावणीची जनावरं लोकांनी मिळेल त्या भावाला विकली. रेशनवर परदेशातला लाल मिलो आला, त्याची भाकरी तव्यावर फाटायची. कामांवर सुकडी मिळायची. गावच्या गावं खडी फोडायला, पाझर तलावांवर आणि नालाबांधावर जाऊ लागली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यात माझे वडील होते, आई होती आणि थोरली बहीण होती.

खळंच नाही तर बलुतं कुठलं? शिमगा झाला तसा लोहारमामा एकदा घरी आला. आम्ही त्याला मामा म्हणायचो, त्याच्या बायकोला मामी. गावात तसंच चालायचं, नातं रक्ताचं असायची गरज नव्हती. मामा ओसरीच्या कडेला बसला, चहा प्याला, इकडचं तिकडचं बोलला. बलुत्याचा शब्द त्यानं काढला नाही. वडिलांनीच काढला.

“कणगीत काय न्हाय मामा. तुमाला तोंड कसं दाखवावं कळंना.”

“माझ्या कणगीत तरी काय हाय? आपलं दोघांचं सारकंच.” मामा हसला. मग म्हणाला, “एक अडचण हाय पण. तलावाच्या कामावर टिकाव आन पहारी बोथट व्हत्यात, रोज ढीग पडतोय. रोख पैसं देत्यात. मी धार लावतो, मामी घण घालती. भाता वडायला मानूस न्हाय.”

मामाचा मुलगा वर्षभरापूर्वी पिंपरीला कारखान्यात लागला होता. तो परत यायचा नव्हता.

वडील थोडा वेळ गप्प बसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “ह्याची परीक्षा झाली की ह्यो यील.”

मी तेव्हा नववीत होतो. पुढं गावात बोलणं झालंच. भावकीतल्या एकानं पारावर वडिलांना ऐकवलं की कुणब्याचं पोर लोहाराचा भाता ओढतंय, उद्या पंगतीला कसं बसायचं. वडील एवढंच म्हणाले, “वर्सभर त्यो आपल्यासाटी वडतूय तवा बरं बसता पंगतीला.” त्यावर कुणी काही बोललं नाही, पण दोन घरांनी आमच्याकडं येणं काही दिवस बंद केलं.

मामानं तलावाच्या कामाजवळ बाभळीखाली भट्टी मांडली होती. जमिनीत खड्डा, त्यात मातीची नळी, मागं चामड्याचा भाता. ऐरण लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेली. शेजारी दगडी कुंड, त्यात पाणी. त्या वर्षी टँकरचं पाणी माणशी मोजून मिळत होतं आणि कुंडात घागरभर ओतायचं म्हणजे मामीच्या घरातली घागर कमी व्हायची. म्हणून कुंडातलं पाणी महिनोन्‌महिने तेच असायचं, काळंशार. मामा म्हणायचा, “ह्येच बरं. उन्हानं कोमट राहतं. गार पाण्यात पोलाद तडकतं.”

भाता ओढणं म्हणजे नुसता दांडा खालीवर करणं, असं बघणाऱ्याला वाटतं. पहिल्या आठवड्यात माझ्या खांद्याला कळ लागली आणि तळहाताला फोड आले. त्याहून अवघड होतं वाऱ्याचं माप. टिकावाचं टोक तापवायचं तर वारा सरळ आणि सारखा. फार वारा झाला की लोखंड पांढरं होतं, ठिणग्या उडतात, म्हणजे ते जळायला लागलेलं असतं. मामा तोंडानं काही सांगत नसे. हातोडा ऐरणीवर एकदा टेकवला की वारा कमी, दोनदा टेकवला की थांब. मामी समोरून घण घालायची. मामाचा लहान हातोडा जिथं पडेल तिथंच तिचा घण पडायचा. दिवसाला शंभराच्या घरात टिकाव जायचे. ‘साधी माणसं’ या १९६५ च्या सिनेमात भालजी पेंढारकरांनी लोहार नवरा-बायको दाखवली आहेत, गाव सोडून शहरात गेलेली. त्यातलं लताबाईंचं गाणं कामावरच्या साहेबाच्या ट्रान्झिस्टरवर लागलं की मामी घण खाली टेकवून ऐकायची. एकदा म्हणाली, “गानं ग्वाड हाय. पर घन घालताना गायला दम कुठला ऱ्हातोय?”

मे महिन्याच्या अखेरीला आईचं खुरपं मोडलं. ते आधीच झिजून करंगळीएवढं उरलं होतं. पाऊस आला तर भांगलण करायला हत्यार पाहिजे आणि बाजारातून आणायला पैसे नव्हते. मी मामाला म्हणालो, एखादं खुरपं करून द्याल का?

मामानं चिलीम बाजूला ठेवली. “मी कशाला? तीन म्हैनं माझं हात बघतूयास की. तूच कर.”

भंगारात ट्रकच्या पाट्याचा एक तुकडा होता. पाटा म्हणजे गाडीखालची स्प्रिंग. मामानं तो निवडून दिला आणि का निवडला तेही सांगितलं. साध्या लोखंडी सळईचं खुरपं होतं, पण ते पाणी पीत नाही, चार दिवसांत बोथट होतं. पाटा पाणी पितो. पुढं कॉलेजात याचं कारण कळलं. लोखंडात कार्बन किती आहे यावर ते कडक होणार की नाही हे ठरतं. साध्या सळईत तो पाव टक्क्याहून कमी असतो, पाट्यात अर्ध्या टक्क्याच्या वर. मामाकडं मोजायला काही नव्हतं. तो तुकडा सहाणेच्या दगडावर घासायचा आणि ठिणगी बघायचा. लांब सरळ ठिणगी आली तर साधं, फुलबाजीसारखी फुटली तर पाणी पिणारं.

त्या दिवशी भात्यावर मामा बसला आणि मी ऐरणीपुढं. पाटा नारिंगी झाला तसा सांडशीत धरून बाहेर काढला, मामीनं छिन्नीवर घण घातला आणि वीतभर तुकडा तुटला. आधी शेपटी ओढायची, जी लाकडी मुठीत जाते. तुकड्याचं एक टोक ऐरणीच्या कडेवर ठेवून ठोकत, प्रत्येक घावाला पाव वळसा देत चौकोनी बारीक करत न्यायचं. लोखंड लाल आहे तोवरच घाव घालायचा. ते काळवंडलं की पुन्हा भट्टीत. मामा भात्यावरून एकच सांगत होता, “घाई नको. लोखंड कुटं पळून जात न्हाय, ऊन मातर जातं.”

शेपटी झाल्यावर पान पसरलं. इथं घणाची गरज होती. मी हातोडा टेकवायचा आणि मामीनं तिथं घण घालायचा. ज्या बाईच्या घणाला महिनोन्‌महिने वारा पुरवला होता, ती आज माझ्या हातोड्याची खूण बघत होती. सतरा-अठरा वेळा तापवलं असेल. पान अर्धचंद्रासारखं झालं, मग मान वाकवली. खुरप्याचं सगळं कसब या मानेत असतं. ती कमी वाकली तर बाईचं मनगट दुखतं, जास्त वाकली तर पातं मातीत न शिरता वरून घसरतं. मामानं आईची उंची विचारली नाही, तिला तो ओळखत होता. दोन बोटांचा कोन हवेत दाखवला आणि म्हणाला, “तुझी आई बसून पुढं सरकती, वाकून न्हाय. एवडं पुरं.”

कानशीनं धार काढली आणि पाणी पाजायची वेळ आली. याला मामा नेहमी संध्याकाळ धरायचा. उन्हात रंग दिसत नाहीत. धारेची बाजू डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली तशी मी ती करंगळीभर कुंडात बुडवली. पाठ लालच ठेवली. वर काढून विटकरीच्या तुकड्यानं धार घासली, काळी खपली निघाली आणि खाली पांढरी चकाकी दिसली. एवढ्यावर थांबलं तर धार काचेसारखी होते, दगडाला लागली की तुकडा उडतो. म्हणून पाठीतली धग धारेकडं येऊ द्यायची. ती येताना रंग चालत येतात. आधी फिकट पिवळा, वाळल्या कडब्यासारखा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. निळा आला की धार मऊ झाली. खुरप्याला दगडगोट्यांत काम करायचं असतं, म्हणून कोयत्यापेक्षा थोडं पुढं जाऊ द्यायचं. हे सगळं दहा श्वासांत होतं. मामा भाता सोडून माझ्या खांद्यामागं उभा होता, पण काही बोलला नाही. तांबूस रंगावर जांभळी झाक चढली तसं मी खुरपं कुंडात सोडलं. कुंडातून ‘चुस’ एवढाच आवाज आला.

मामानं ते उचललं, नखानं टिचकी मारून कानाला लावलं. तडा गेला असेल तर आवाज बसका येतो. मग धारेवर कानस फिरवली. ती काचेवरून सरकावी तशी सरकली. पाठीवर फिरवली, तिथं ती धरली. मामा मामीला म्हणाला, “पाणी प्यालंय.” दुसऱ्या दिवशी बाभळीची मूठ केली, शेपटी लाल करून तिच्यात चरचरत बसवली आणि तोंडाशी लोखंडी कडी घातली. ते खुरपं पूर्ण झालं.

१९७३ साली पाऊस आला. बाजरी पेरली, उगवली, तण उठलं. आई आणि शेजारच्या चार बायका भांगलायला बसल्या. दुपारी भाकरी घेऊन गेलो तर आई म्हणाली, “जरा जड हाय. पर मुळापतूर जातंय.” शेजारचीनं हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, “लोहारानं केलं व्हय?” आईनं माझ्याकडं न बघता सांगितलं, “ह्यानं केलंय.”

सुगीला खळं झालं, दोन वर्षांनी पहिलंच. मामा पोतं घेऊन आला. वडिलांनी चालू वर्षाचं माप घातलं आणि मागच्या बुडालेल्या वर्षाचं माप घालायला पायली भरली. मामानं पोत्याचं तोंड आवळलं.

“मागचं फिटलं. तुमच्या पोरानं भाता वडला न्हवं का!”

“त्यानं तुमच्याकनं इद्या घेतली, त्येचं काय?”

मामा थोडा थांबला. “ती माझ्या पोराला द्यायची व्हती. त्यानं न्हाय घेतली, ह्यानं घेतली. इद्येचं बलुतं न्हाय घेत आमी.”

वडिलांनी पायली रिकामी केली नाही आणि मामानं पोतं उघडलं नाही. शेवटी आईनं ती पायली मामीच्या पदरात ओतली आणि विषय मिटला.

आमच्या गावात खळ्यावरचं बलुतं त्यानंतर फार वर्षं चाललं नाही. दुष्काळी कामांनी सगळ्यांनाच रोख पैशाची सवय लागली. पुढच्या काही वर्षांत मामा कामागणिक पैसे घेऊ लागला. त्यात त्याचा मान वाढला असं तो म्हणायचा. खळ्यावर उभं राहावं लागत नाही, हे त्याला मोठं वाटे. कमाई मात्र घटली, कारण तयार खुरपी आणि विळे आठवड्याच्या बाजारात ढिगानं येऊ लागले. चामड्याच्या भात्याच्या जागी हातानं फिरवायचा पंखा आला, मग विजेचा. शेवटी नाक्यावर वेल्डिंगचं दुकान निघालं आणि मोडलेलं जोडायचं कामही तिकडं गेलं. मामा गेल्यावर मुलगा पिंपरीहून आला. त्यानं सगळं भंगारात घातलं, ऐरण तेवढी नेली. सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर तिचं काय करणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, “दसऱ्याला पुजतो.”

मी मास्तरकी केली, लोहारकी केली नाही. त्या उन्हाळ्यानंतर दोन विळे आणि एक कुऱ्हाड केली, तेवढीच. खुरपं आईनं अकरा वर्षं वापरलं आणि झिजून संपलं, जसं खुरप्यानं संपावं.

आजही बाजारात खुरपं घ्यायला गेलो तर खिशात कानशीचा तुकडा नेतो. दुकानदार हसतात. धारेवर कानस फिरवायची. धरली तर ते नुसतं रंगवलेलं लोखंड आहे, खाली ठेवायचं. सरकली तर कुणीतरी संध्याकाळपर्यंत थांबून त्याला पाणी पाजलंय. त्याला मागेल ती किंमत द्यावी, घासाघीस करू नये.